रॉकेलच्या डब्याचा मुकुट

कलावंत जातो, कला मागे उरते. छापखान्यात मुद्रितं तपासण्याच्या नोकरीत हे वाक्य मी कितीतरी मृत्युलेखांत वाचलं आहे. त्यात शुद्धलेखनाची चूक कधी सापडली नाही, म्हणून दरवेळी तसंच जाऊ दिलं. तुझ्या बाबतीत मात्र ते साफ उलटं होतं, डोमा. तुझी कला दरवर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारच्या जेवणाच्या आत, नदीकाठी जळून जायची आणि तू तेवढा उरायचास. कोपरापर्यंत खळ लागलेली, भुवया जराशा होरपळलेल्या, आणि तोंडावर असं समाधान, की जळालं ते जणू दुसऱ्या कुणाचं होतं.

यंदा तू नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी गेलास. तुझी कला तुझ्यामागे तीन आठवडे टिकली. म्हणजे ते वाक्य अगदीच खोटं नाही. काल तीही जळाली. जळायच्या आधी ती माझ्या अंगावर होती.

छापखान्यात पुण्याहून आलेले एक गृहस्थ होते, आठवतात? त्यांनी मला एकदा विचारलं होतं, ही तुमची मारबत म्हणजे काय भानगड आहे. मी सांगितलं, वर्षभराचा ताप, खोकला, महागाई, वाईट माणसं, सगळं एका मोठ्या बाईच्या पुतळ्याच्या आणि तिच्यामागच्या लहान पुतळ्यांच्या, म्हणजे बडग्यांच्या, गळ्यात घालायचं, ‘घेऊन जा गे मारबत’ असं बोंबलत गावाबाहेर न्यायचं आणि जाळून टाकायचं. ते म्हणाले, ‘आणि इडापिडा जाते?’ मी म्हटलं, ‘दरवर्षी जाते. म्हणून तर दरवर्षी काढावी लागते.’ हे तुला सांगितलं तेव्हा तू मागाच्या खड्ड्यात बसला होतास, शेजारी तुझं ते कायम डगमगणारं पाण्याचं मडकं. इतका हसलास की धागा तुटला. तो जोडता जोडता म्हणालास, “मास्तर, तू हसवते चांगला गा. पण जाळाच्या वक्ती तू काहून मागं जाऊन उभा राह्यते?”

मी मास्तर कधीच नव्हतो. म्युनिसिपालिटीच्या शाळेत तुझ्या पाटीवरचं शुद्धलेखन मी लिहून द्यायचो, तेवढ्यावरून तू मला ही पदवी दिलीस. चौथीनंतर तू बापाच्या मागावर बसलास आणि मी इतरांच्या चुका शोधायला लागलो. पदवी मात्र परत घेतली नाहीस. सरकारही इतक्या स्वस्तात पदव्या देत नाही.

आपली खरी भागीदारी रद्दीची. छापखान्यात बिघडलेली मुद्रितं मी तुला आणून द्यायचो आणि तू त्यांतून माणसं करायचास. बाकी गल्ल्यांचे बडगे म्हणजे बांबूच्या कामट्या, तरट आणि वर कागद. तुझं वैशिष्ट्य असं की तू पुतळ्यापुढे चालणाऱ्या जिवंत सोंगाचाही पोशाख करायचास, आणि त्यात विकत आणलेली वस्तू एकही नसायची. सूत ताठ करायची खळ तीच कागद चिकटवायला. सूत गुंडाळायच्या मोडक्या कांड्यांची खांद्यावरची झालर. मागाच्या जुन्या फणीच्या मिशा. माग संपताना उरलेल्या सुताच्या दशांची दाढी. आणि छातीवरची पदकं संत्र्याच्या वाळक्या सालींची. हिवाळ्यात संत्री खाल्ली की तुझ्या घरी साल फेकायची कुणाची टाप नव्हती. भरल्या टोपलीच्या बुडाखाली दाबून सपाट, मग बाटलीच्या तोंडानं गोल कापून, वर्षभर दोरीला. कोणी पाहुणा विचारायचा, “हे काय टांगलं गा?” तू म्हणायचास, “रावसाहेबी वाळत घातली हाये.”

कापडाला तू एकच नियम लावायचास. समोरून शोभा, मागून तरट. बादशहाच्या दरबाराच्या साली हत्तीची झूल सांधायला तुला बोलावलं होतं, तेव्हा परत येऊन मोठा शोध लागल्यासारखं सांगितलंस, “मास्तर, त्याईच्या झुलीले बी आतून तरटच हाये.” साम्राज्याविषयी मी इंग्रजीत बरीच पुस्तकं वाचली. त्यात याहून नेमकं वाक्य मला मिळालं नाही.

तुझ्या सोंगांच्या पाठीवर मात्र मजकूर उघडा दिसायचा, कारण पाठीला रंग लावायचा तुला कंटाळा. एकदा प्लेगाच्या राक्षसाच्या पाठीवर ‘आपल्या आगमनाने कार्यास शोभा येईल’ असं मोठ्या टाइपात होतं. आख्खी इतवारी हसत होती. मी तेवढा ‘शोभा’चा काना तुटला आहे हे पाहत मागून चाललो होतो. तू मला त्यावरून पुढे कित्येक वर्षं चिडवलंस.

आपलं भांडण दोन गोष्टींवरून होतं आणि दोन्ही अर्धवट राहिली.

पहिलं म्हणजे, मी म्हणायचो, एखादं तरी ठेव. एक मुखवटा, एक पगडी. पुढच्या लोकांना कळायला नको का, की कोष्टीपुऱ्यात असा एक माणूस होता? तू मान हलवायचास. मारबतीसंगं निघालं ते जाळात गेलं पायजे. जाळात न जाता घरी आलं तर इडापिडा संगं घेऊन येते. मी म्हणायचो, हा वेडेपणा आहे. तू म्हणायचास, “असंल. पण ठेवाचंच असतं तर मी देवाच्या मूर्ती नसत्या केल्या काय? त्यात मेहनत कमी हाये.”

दुसरं म्हणजे, तू दरवर्षी मला सोंग घ्यायला सांगायचास. पोळा आला की सुरू. “काहून गा मास्तर, यंदा तरी?” मी म्हणायचो, मी पाहणारा माणूस आहे. “पाह्यणारे तर आख्खं गाव हाये. करणारे कोण हाये?” मी म्हणायचो, माझी उंची कमी आहे. “मी पोशाख उंच करतो ना बावा.” एकदा चिडून म्हणालास, “तुले लोकाईची शोभा पाहून हसू येते. पण तुले लोक हसतीन, हे तुले चालत नाही. मंग तुयात अन् एखाद्या रावसाहेबात फरक काय रे?” मी हसण्यावारी नेलं. घरी येऊन जेवलो नाही.

आता त्या वर्षाबद्दल. इतकी वर्षं मी ते तुझ्यापाशी काढलं नाही. आता काढतो आहे, कारण आता तू ऐकू शकत नाहीस. माझ्या धैर्याची जात तुला ठाऊक आहेच.

मानमोडीच्या तापाचं साल. लढाई चालू होती, पावसानं पाठ फिरवली होती, धान्य आणि कापड दोन्ही डोळ्यांना दिसेनाशी झाली होती. साहजिकच तुझं सोंग महागाईचं होतं. महागाई राणी. बुधवारीतल्या एका पहिलवानाला लुगडं नेसवून तू तिला उभी केलीस. तिच्या डोक्यावर रॉकेलच्या डब्याचा मुकुट होता. पाच टोकांचा. बाहेरून हळद आणि डिंक लावून पिवळाधमक केलेला, आतून काळा. टोकांवर गुंजा चिकटवलेल्या. तुझ्या हातून त्याहून देखणी वस्तू झाली नाही. मी दरबारातले फेटे आणि तुरे पाहिले आहेत, त्यामुळे हे जबाबदारीनं लिहितो.

तुझी मंजुळा तेव्हा सहा वर्षांची होती. सकाळी पहिलवानाच्या डोक्यावर मुकुट चढवताना ती तुझ्या धोतराला लोंबकळत होती.

“बा, हा मले दे.”

“हा मारबतीचा हाये, माय.”

“मंग मले दुसरा कर.”

“डबा एकच होता वं.”

“पहिलवानाले काहून दिला मंग? त्याले तर शोभत बी नाही.”

पहिलवानासकट सगळे हसले. ती हसली नाही. सबंध मिरवणूक तिनं माझ्या खांद्यावर बसून पाहिली आणि सबंध मिरवणूकभर फक्त मुकुट पाहिला. नदीकाठी पोहोचलो तेव्हा ती झोपली होती. सखूवहिनी तिला घेऊन परत गेली.

तू नेहमीप्रमाणे एकेक वस्तू ढिगावर टाकत होतास. पहिलवानानं मुकुट काढून बाजूला दगडावर ठेवला आणि तो लुगड्याच्या गाठीशी झटू लागला. मी मागे उभा होतो, माझ्या नेहमीच्या जागी. माझ्या हातात छत्री होती. मी मुकुट उचलला, छत्रीत घातला आणि छत्री मिटली. बेत असा होता की दिवाळीत मंजुळेला द्यायचा. हळद धुऊन दुसरा रंग लावला असता, म्हणजे तुला ओळखू आला नसता. मी स्वतःला सांगितलं की मी एका पोरीची हौस आणि एका कलावंताची कृती, दोन्ही वाचवतो आहे. चोरी करताना सुशिक्षित माणसाला कारणांची वाण पडत नाही.

घरी जाताना आकाशात ढगाचा ठिपका नव्हता आणि माझ्या काखेतली छत्री सात महिन्यांची गरोदर दिसत होती. कोणी काही विचारलं नाही. मला वाटलं, कुणाच्या लक्षात आलं नाही.

दसऱ्याच्या सुमारास मानमोडी आली. छापखान्यात निम्मे खिळे जुळवणारे आडवे पडले. जे उभे होते ते शोकपत्रिका जुळवत होते. नंतर नंतर शोकपत्रिका छापणंही थांबलं, कारण पाठवायच्या कुणाला. घाटावर लाकडं मिळेनात. मंजुळा तीन दिवस तापली. तिसऱ्या दिवशी तू तिला तुझ्या नव्या विणलेल्या पातळात गुंडाळून नेलंस. ते पातळ एका सावकाराच्या लग्नघरचं होतं. तू त्याला सांगितलंस, माग बंद आहे, थांबा. मी तुझ्याबरोबर घाटावर आलो होतो.  तू फक्त एकदा म्हणालास, “हलकी हाये गा.”

दिवाळीला माझ्या पेटीत मुकुट होता आणि द्यायला कोणी नव्हतं.

मी इडापिडा मानत नाही, डोमा. मानमोडी कुठून आली, कशी पसरली, आगगाडीनं किती गावं गाठली, हे सगळं मी वर्तमानपत्रात वाचलं, त्याची मुद्रितंही तपासली. ज्या मुलखात मारबतीचं नाव कोणी ऐकलेलं नाही तिथेही माणसं मेली. हे मला तेव्हा कळत होतं आणि आताही कळतं. पण त्यानंतर मी तीन बिऱ्हाडं बदलली, पुस्तकं विकली, बायकोच्या रुखवतातली भांडी मोडली, आणि ती पेटी तेवढी दर वेळी स्वतः डोक्यावर घेऊन गेलो. हमालाला हात लावू दिला नाही. फेकून द्यायला निघालो की वाटायचं, फेकून आता कुठे जाईल? तुला सांगायला निघालो की तू खळ ढवळत असायचास, वर न पाहता म्हणायचास, “बस गा मास्तर, रद्दी आणली काय?” मी बसायचो आणि रद्दी द्यायचो.

एक गोष्ट तेव्हा माझ्या लक्षात यायला हवी होती. त्या हिवाळ्यात मी तुला ती छत्री आणून दिली. कापड फाटलं होतं, म्हटलं काड्या तरी तुझ्या कामी येतील. तू ती उघडलीस आणि उजेडाकडे धरलीस. कापडाला पाच भोकं होती, सारख्या अंतरावर, गोलाकार. तू बराच वेळ पाहिलंस. मग म्हणालास, “तुया घरचा उंदीर मोठा हुशार दिसते गा. मोजमाप घेऊन कुरतडते.” मी म्हटलं, हो, जुनं घर आहे. तू छत्री मिटलीस. काड्या काढल्या नाहीस. आतून ठिगळं लावून ती मला परत दिलीस. अजून वापरतो.

मी मुद्रितशोधक आहे. चाळीस पानांत उलटा पडलेला एक टाइप मला दिसतो.

नंतर अठरा पोळे झाले. दरवर्षी सोंग, दरवर्षी तुझं “काहून गा, यंदा तरी?”, दरवर्षी माझा नकार. आता त्या नकाराला आणखी एक कारण होतं, आणि ते तुला सांगता येत नव्हतं. जो माणूस मारबतीची वस्तू पेटीत लपवून बसला आहे, त्यानं कोणत्या तोंडानं ‘घेऊन जा गे’ म्हणायचं?

या उन्हाळ्यात तुझा खोकला बसेना. ज्येष्ठात तू मागावरून उठलास तो परत बसला नाहीस. तरीही रद्दी मागितलीस. त्या दिवसांत आमच्याकडे एका नव्या रावसाहेबांचं मानपत्र छापत होते. पहिल्या खेपेला त्यांच्या वडिलांचं नाव चुकलं, दुसऱ्या खेपेला त्यांचं स्वतःचं, तिसऱ्या खेपेला त्यांनीच एक विशेषण वाढवून मागितलं. बिघडलेल्या प्रतींचा ढीग कमरेपर्यंत आला. मी हातगाडी करून आणला. तू गादीवर पडल्या पडल्या एक प्रत वर धरलीस.

“काय लिवलं हाये?”

मी वाचलं. दीनांचे कैवारी, विद्येचे आश्रयदाते, या नगरीचे भूषण.

“एवढं सारं एकाच माणसात हाये?”

“तिसऱ्या आवृत्तीत आहे. पहिल्या आवृत्तीत विद्येचा आश्रय नव्हता.”

तू हसलास, मग खोकलास, मग पुन्हा हसायचा प्रयत्न केलास. शेवटी म्हणालास, “मास्तर, यंदा माणूस मानपत्रात गुंडाळू. वरपासून खालवर. आवाज काय द्याचा माहीत हाये? ‘मोठेपण घेऊन जा गे मारबत.’ ” आणि माझ्याकडे पाहून नेहमीचं विचारलंस. आवाज नेहमीचा नव्हता.

मी हो म्हटलं.

 तू उशाखालून सुतळी काढलीस आणि झोपल्या झोपल्या माझं माप घेतलंस. मला वाकून, मग गुडघ्यावर बसून, मग जवळजवळ तुझ्या अंगावर पडून माप द्यावं लागलं. खांदा, हात, छाती. डोक्याचं माप घेतलं नाहीस. मला वाटलं, विसरलास. आठवण करून दिली नाही, कारण तू दमला होतास.

तू गेलास त्या दिवसाबद्दल मला लिहायचं नाही. तिथे सगळे होते. मी मागे उभा होतो.

पोळ्याच्या दिवशी दुपारी सखूवहिनीनं बोलावून घेतलं. खोलीत खुंटीला पोशाख टांगला होता. मानपत्रांचा पायघोळ झगा, एकेक पान माशाच्या खवल्यासारखं एकावर एक. दीनांचे कैवारी कमरेपाशी, नगरीचे भूषण बरोबर बसायच्या जागी. खांद्यावर कांड्या, छातीवर सालींची पदकं. मोजली नाहीत, पण रावसाहेबांपेक्षा जास्त होती. शेवटची काही तू हातानं कापली असावीत, बाटली उचलत नसणार. त्यांच्या कडा वेड्यावाकड्या होत्या. मी त्या कडांवरून बोट फिरवलं.

मग मी विचारलं, “वहिनी, डोक्याला काय आहे? टोप दिसत नाही.”

ती चुलीपाशी होती. पाठ न वळवता म्हणाली, “टोप केला नाही त्याईनं. म्हणे, मास्तरच्या पेटीत हाये.”

मी दाराबाहेर पाहिलं.  पाच भोकांची ती छत्री बाहेर ओट्यावर टेकवलेली होती, कारण पाऊस होता.

“कधीपासून माहीत होतं त्याला?”

“छत्रीची भोकं पाह्यली त्या दिवसापासून. मले बी.”

“मग बोलला का नाही? अठरा वर्षं?”

आता ती वळली. रडत नव्हती. तिचं रडून झालं होतं. “भाऊजी, मी एकदा म्हटलं होतं, इचारा त्याईले. तर म्हणे, इचारलं तर तो यायचा बंद होईन. पोट्टी गेली ते गेली, आता मास्तर बी घालवू काय?”

हे मी जसंच्या तसं उतरवतो आहे. याच्यावर माझ्याकडे काही शेरा नाही. आयुष्यभर मी लोकांच्या वाक्यांच्या कडेला खुणा करत आलो. या वाक्याच्या कडेला जागा नाही.

इतकी वर्षं मी समजत होतो की मी तुझ्यापासून काही लपवतो आहे. लपवत तू होतास. मला लाज वाटू नये म्हणून तू अठरा वर्षं माझी चोरी सांभाळलीस, आणि मी तुझ्यासमोर बसून तुला अंधश्रद्धेवर व्याख्यानं दिली.

काल सकाळी मी पेटी उघडली. हळद उडाली होती, गुंजा तीन उरल्या होत्या. मुकुट डोक्यावर घातला तर कानापर्यंत खाली आला. पहिलवानाचं डोकं मोठं होतं. वहिनीनं आत चिंध्या कोंबून दिल्या.

मग मी चाललो, डोमा. तुला पाहायचं होतं ते झालं. कोष्टीपुऱ्यातून इतवारीपर्यंत, भर पावसाच्या भुरभुरीत, संत्र्याची साल छातीवर लावून. लोक हसले. छापखान्याचे मालक दुकानाच्या फळीवर उभे होते. त्यांनी मला ओळखलं, मग नीट पाहून मजकूरही ओळखला आणि आत निघून गेले. एक म्हातारी ओरडली, “अगा, हा तर डोमाजीचा मास्तर!” त्यावर पोरांनी आवाज धरला, ‘मोठेपण घेऊन जा गे मारबत!’ पहिल्या दोन वेळा माझ्या तोंडून निघालं नाही. तिसऱ्या वेळी निघालं, आणि मग घसा बसेपर्यंत थांबलं नाही. तुझं म्हणणं खरं होतं. मला हसलेलं चालत नव्हतं. चालतं. फारसं काही होत नाही. हे तू असताना मला कळलं असतं तर तुला अठरा वेळा विचारावं लागलं नसतं.

नदीकाठी मी मागे उभा राहिलो नाही. झगा काढून ढिगावर टाकला. सालींची पदकं एकेक करून टाकली. त्या वेड्यावाकड्या कडांचं एक पदक मुठीत राहिलं. मूठ उघडायला वेळ लागला, पण उघडली. शेवटी मुकुट. तो टाकताना मी मंजुळेचं नाव घेतलं, मनात नाही, मोठ्यानं. शेजारच्यांना वाटलं, मी धुरानं खोकलो. कागद भसकन पेटला आणि मी ज्वाळा बसेपर्यंत तिथेच होतो. वाटलं, संपलं. अठरा वर्षांनी का होईना, जे जायचं होतं ते गेलं. मनात एक वाक्यही तयार झालं होतं, अग्नीविषयी, बरंच भारदस्त.

आज सकाळी वहिनी दारात आली. हातात टोपली. “भाऊजी, चाला.”

“कुठे?”

“नदीवर. टिन आणाले.”

मला कळलं नाही. तिला माझ्या न कळण्याचं नवल वाटलं. “दरसाल जात होते नं ते, दुसऱ्या दिवशी. राखेतून टिन, तार, खिळे वेचून आणत. जाळातून निघालं त्याले कायचा दोष? ते तर धुतल्यावाणी.”

तुझ्या टिनाच्या वस्तू आतून नेहमी काळ्या असायच्या. मी समजत होतो, रॉकेलनं.

वाटेत तिनं उरलेलं सांगितलं. त्या साली, महागाई राणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, तू मंजुळेला बरोबर घेऊन गेला होतास. तिला सांगितलं होतंस, जाळातून निघू दे, मग तुझाच. दोघांनी काठीनं सगळी राख उकरली. तारा सापडल्या, खिळे सापडले. मुकुट सापडला नाही. ती रडत परत आली आणि तू तिला सांगितलंस, मारबतीला फार आवडला, घेऊन गेली.

मी तो जाळापासून वाचवला नसता, तर तिला दुसऱ्या दिवशी मिळाला असता. दिवाळीची वाट पाहायची गरज नव्हती. दसऱ्यापर्यंत तिनं महिनाभर तो घातला असता. झोपतानाही काढला नसता.

माझ्याकडे पुस्तकांनी भरलेली दोन कपाटं आहेत, डोमा. रॉकेलचा डबा जळत नाही, हे त्यांतल्या एकातही नाही.

मुकुट राखेत होता. ओली राख, त्यामुळे शोधायला वेळ लागला नाही. एक टोक वाकलं आहे. गुंजा गेल्या. वहिनीनं तो घरी नेऊन चिंचेनं घासला आणि काय करावं म्हणून क्षणभर हातात धरून उभी राहिली. मग पालथा करून मागाच्या खड्ड्याशेजारी ठेवला आणि त्यावर पाण्याचं मडकं टेकवलं.

मडकं आता डगमगत नाही.